पर्यावरणीय अनुमति-पद्धती, एकत्रित
एखाद्या उद्योगास, खाणीस वा धरणास निरनिराळ्या शासकीय अधिकरणांकडून घ्याव्या लागणाऱ्या पर्यावरणविषयक अनुमतींचे अर्ज, छाननी व निर्णय यांचा मेळ घालणारी व्यवस्था. भारतात तिची गरज कायद्यांच्या क्रमवार वाढीतून उद्‌भवली. वन्य जीव (१९७२), जलप्रदूषण (१९७४), वन संवर्धन (१९८०) व वायुप्रदूषण (१९८१) यांविषयीचे अधिनियम एकामागून एक संमत झाले. प्रत्येकाचे अधिकरण व कार्यपद्धती वेगळी. मूळ जल-अधिनियमानुसार चार महिन्यांत निर्णय न झाल्यास संमती मिळाली असे मानले जाई. वायु-अधिनियमात मुदत तीच असूनही अशी तरतूद नव्हती. त्यामुळे एकाच कारखान्याचे सांडपाणी कायदेशीर व धूर बेकायदेशीर ठरणे शक्य होते.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली १९९४ साली काढलेल्या अधिसूचनेने विशिष्ट प्रकल्पांना पूर्वमान्यता सक्तीची केली. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने तिची जागा घेतली. तीनुसार ‘अ’ वर्गातील प्रकल्प केंद्राकडे व ‘ब’ वर्गातील राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले. तज्ञसमितीच्या मूल्यमापनास ६० व त्यानंतरच्या निर्णयास ४५ दिवस अशी मुदत ठरली.

मेळ नसल्यास काय घडते, हे मेघालयातील लाफार्ज चुनखडी-खाणीच्या प्रकरणावरून दिसते. जागा वनभूमी नाही असे गृहीत धरून २००१ मध्ये पर्यावरणीय मान्यता दिली गेली. पुढे वनाधिकाऱ्यांच्या पाहणीत ती वनभूमी असल्याचे आढळले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये खाणीस अनुमती दिली, तथापि वनविषयक मान्यतेसंबंधी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वेही घालून दिली. दोन कार्यालयांनी एकच नकाशा पाहिला असता, तर हा वाद बहुधा उद्‌भवलाच नसता.

ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘परिवेश’ या संगणकीय प्रणालीने पर्यावरण, वन, वन्य जीव व किनारपट्टी या चार मान्यतांचे अर्ज एका खिडकीत आणले. मात्र एकत्र आला तो अर्जांचा स्वीकार. निर्णयाचा अधिकार त्या त्या कायद्याकडेच राहिला. एकत्रीकरण व केवळ शीघ्रता यांत भेद करणे अगत्याचे आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्यस्तरीय प्राधिकरणांना निर्णयाच्या वेगानुसार गुण देण्याची योजना केंद्राने जाहीर केली, तेव्हा छाननी सैल होईल अशी टीका झाली व ती निराधार म्हणता येत नाही. जनसुनावणीस लागणारा काळ हा विलंब नव्हे. बाधित ग्रामस्थांना आपले म्हणणे मांडण्याची ती बहुधा एकमेव औपचारिक संधी असते. याउलट, तीच माहिती पुनःपुन्हा मागणे हा निखळ अपव्यय होय. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनांनी पूर्वमान्यता मिळालेल्या उद्योगांना प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीपूर्व संमती स्वतंत्रपणे घेण्यापासून काही अटींवर सूट दिली.