ब्रेक लावल्यावर वीज जाते कुठे?

विजेवर धावणारी गाडी थांबते, तेव्हा तिच्या वेगातली ऊर्जा कुठे तरी जावीच लागते. पूर्वी ती ब्रेकच्या घर्षणात उष्णता होऊन संपायची. आजच्या गाड्यांत ब्रेक लागताच मोटरच उलटे काम करू लागते. चाके तिला फिरवतात, ती वीज तयार करते आणि गाडीचा वेग उतरतो. यालाच रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. मुंबईच्या लोकलमध्ये 2007 पासून आलेल्या नव्या गाड्यांत ही सोय आहे आणि देशातल्या मेट्रोंतही आहे. पण वीज तयार झाली म्हणजे ती वाचलीच, असे होत नाही. त्या क्षणी ती घेणारे कोणी तरी असावे लागते. म्हणूनच आपल्याकडच्या डीसी विजेवर चालणाऱ्या मेट्रोंनी ही वीज धरून ठेवणाऱ्या साठवण यंत्रणा बसवायला हव्यात, असे मला ठामपणे वाटते. एसीवर चालणाऱ्या मार्गांची गोष्ट वेगळी आहे, आणि तो फरक आधी समजून घ्यायला हवा.

एसी मार्गावर ओव्हरहेड वायरमध्ये 25 हजार व्होल्ट असतात आणि उपकेंद्रात ट्रान्सफॉर्मर असतो. ट्रान्सफॉर्मरमधून वीज दोन्ही दिशांनी जाते. त्यामुळे थांबणाऱ्या गाडीची वीज शेजारच्या गाडीने घेतली नाही, तरी ती मागे ग्रिडकडे जाऊ शकते. दिल्ली मेट्रो अशीच चालते. ब्रेकमधून वाचवलेल्या विजेच्या जोरावर संयुक्त राष्ट्रांच्या योजनेत कार्बन क्रेडिट मिळवणारा तो जगातला पहिला रेल्वे प्रकल्प ठरला. मुंबईचा प्रवास मात्र लांबचा. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर. ती डीसी पश्चिम रेल्वेवरून 2012 मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरून 2015 मध्ये आणि हार्बरवरून 2016 मध्ये गेली. या बदलाने वेग आणि जादा गाड्यांची सोय झाली. ब्रेकची वीज परत जायला वाट मोकळी झाली, हाही एक लाभ होता.

कोलकाता (1984), बेंगळुरू (2011), कोची (2017) आणि अहमदाबाद (2019) या मेट्रो तिसऱ्या रुळातून येणाऱ्या 750 व्होल्ट डीसीवर धावतात. तिथल्या उपकेंद्रात एसीचे डीसी करणारे डायोड रेक्टिफायर असतात आणि डायोडमधून वीज एकाच दिशेने जाते. गाडीने ब्रेक लावला आणि जवळपास दुसरी गाडी वेग घेत नसेल, तर रुळातला विद्युतदाब चढत जातो. तो ठरावीक मर्यादेला पोचला की गाडी वीज परत पाठवणे थांबवते. मग उरलेली ऊर्जा रेझिस्टरमध्ये किंवा साध्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. भुयारात तर दुहेरी नुकसान होते. आधी वीज गेली आणि पुन्हा ती उष्णता बाहेर काढायला पंखे चालवावे लागले. लंडनच्या जुन्या भुयारी मार्गांवरच्या उकाड्याचे सर्वांत मोठे कारण गाड्यांचे ब्रेक हेच आहे.

किती ऊर्जा म्हणाल, तर हिशेब सोपा आहे. 300 टनांची गाडी ताशी 72 किलोमीटर वेगाने येत असेल, तर तिच्यात सुमारे 17 युनिट ऊर्जा असते. पाच-सहा इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्यांत मावेल एवढीच. पण गाडी थांबते ती पंचवीसेक सेकंदांत. तेवढ्या वेळात ही ऊर्जा घ्यायची, तर सरासरी 2400 किलोवॅट झेलावे लागतात. घर्षणात आणि मोटरमध्ये काही ऊर्जा जाते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल, पण अडचण तीच राहते. इथे साठा मोठा असण्यापेक्षा चपळ असणे महत्त्वाचे. म्हणून सुपरकपॅसिटर इथे कामाचे ठरतात. त्यांत ऊर्जा थोडी मावते, पण ती झटक्यात घेता-देता येते आणि असे लाखो फेरे ते सोसतात. जर्मनीतल्या मानहाइमच्या ट्रामवर ते 2003 पासून वापरून पाहिले गेले. लॉस एंजेलिसच्या भुयारी मेट्रोने 2014 मध्ये फ्लायव्हील, म्हणजे अतिवेगाने फिरणारे जड चाक बसवले. फिलाडेल्फियाने 2012 मध्ये एका उपकेंद्रात लिथियम बॅटरी लावली. ती बॅटरी गाड्यांची वीज साठवू लागलीच, शिवाय ग्रिडची वारंवारता स्थिर ठेवण्याच्या बाजारात भाग घेऊन पैसेही मिळवू लागली.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की साठवण हवीच कशाला? उपकेंद्रात इन्व्हर्टर बसवला, तर डीसी वीज पुन्हा एसी होऊन स्थानकांचे दिवे, सरकते जिने आणि वातानुकूलन चालवील. हे खरे आहे, आणि जिथे स्थानकांचा स्वतःचा वापर मोठा आहे तिथे इन्व्हर्टरच निवडावा. पण अनेक गाड्या एकदम सुटताना कमाल मागणी उसळते आणि वीजबिलात त्याचा वेगळा आकार भरावा लागतो. लांबच्या टोकाला दाब खाली जातो. ग्रिड बंद पडले तर गाडी भुयारात अडकते. या तिन्ही वेळी हाताशी साठवलेली वीज लागते. ती इन्व्हर्टर देऊ शकत नाही. दुसरा उपाय वेळापत्रकाचा, म्हणजे एक गाडी थांबताना दुसरी सुटेल असे बसवायचे. तो जवळजवळ फुकट आहे आणि जरूर करावा, पण काही सेकंदांचा उशीर झाला तरी ते गणित मोडते. आणखी एक आक्षेप खर्चाचा. गर्दीच्या वेळी गाड्या इतक्या जवळजवळ असतात, की ब्रेकची बरीच वीज शेजारची गाडीच घेते. मग महागडी यंत्रणा रिकामीच बसणार नाही का? सरसकट प्रत्येक स्थानकात बसवली, तर नक्की बसेल. खरी नासाडी होते ती दुपारच्या आणि रात्रीच्या विरळ फेऱ्यांत आणि मार्गाच्या टोकांकडे; यंत्रणा तिथेच हवी. लिथियमच्या आगीची भीतीही रास्त आहे. त्या बॅटऱ्या भुयाराबाहेर, वरच्या उपकेंद्रातच ठेवाव्यात.

डीसी मेट्रो चालवणाऱ्यांनी आधी एक काम करावे. रेझिस्टरमध्ये किती वीज जळते, हे गाड्यांवरच्या मीटरवरून वर्षभर, तासागणिक आणि स्थानकागणिक मोजावे आणि ते आकडे जाहीर करावेत. नव्या विस्तारांच्या निविदा त्या आकड्यांवर बेताव्यात.