नवा प्रशिक्षक नेमतांना

एखाद्या धंदेवाईक फुटबॉल क्लबानें नवा मुख्य प्रशिक्षक नेमला, म्हणजे दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत एक ठराविक छायाचित्र झळकतें. नवागत गृहस्थ क्लबाचा गळपट्टा दोन्ही हातांनीं डोक्यावर ताणून धरून उभे असतात, आणि शेजारीं अध्यक्ष त्यांच्याहूनहि अधिक हसत असतात. तें पाहून आपल्याला वाटतें कीं, एक शहाणा माणूस शोधावा, त्याला भरपूर वेतन द्यावें आणि विजयाची वाट पाहत बसावें, एवढेंच ह्या नेमणुकींत आहे. वस्तुतः तसें नाहीं. जुन्या संस्थानांत नवा दिवाण येई, तेव्हां जाणते लोक त्याच्या पागोट्याकडे पाहत नसत. महाराज त्याच्या हातीं कोणकोणत्या किल्ल्या देतात, इकडे त्यांचें लक्ष असे. फुटबॉलच्या दिवाणाचेंहि असेंच आहे. हें स्पष्ट व्हावें म्हणून १९२५ सालच्या एका नेमणुकीची हकीकत आज मी जरा विस्तारानें सांगणार आहें.

आर्सेनल हा लंडनचा क्लब. शहराच्या उत्तर भागांत हायबरी येथें तेव्हां त्याचें मैदान होतें. १९२४-२५ च्या हंगामांत इंग्लिश लीगच्या पहिल्या वर्गांतील २२ संघांत त्याचा क्रमांक २० वा लागला. शेवटच्या दोन संघांना खालच्या वर्गांत उतरावें लागे. म्हणजे क्लब बुडतां बुडतां वांचला. अध्यक्ष सर हेन्री नॉरिस हे घरबांधणीच्या धंद्यांत श्रीमंत झालेले, पार्लमेंटांत बसून आलेले, आणि आपल्या हातचें दुसऱ्याच्या हातीं सोडण्याची मुळींच संवय नसलेले गृहस्थ होते. त्यांच्या मॅनेजरचें नांव लेस्ली नाइटन. कोणत्याहि खेळाडूसाठीं हजार पौंडांहून अधिक रक्कम मोजावयाची नाहीं आणि ठेंगणा खेळाडू तर आणावयाचाच नाहीं, अशीं बंधनें आपल्यावर होतीं, असें नाइटननें पुढें आपल्या आठवणींत लिहून ठेवलें. (ह्याच क्लबाला पुढें कीर्तीच्या शिखरावर नेणारा अलेक्स जेम्स ठेंगणाच होता, हा दैवाचा विनोद!) सहा वर्षें ह्या बेड्या पायांत घालून नाइटन धांवला, आणि १९२५ सालीं त्याला निरोप मिळाला.

त्या वर्षीं मे महिन्यांत ‘अ‍ॅथलेटिक न्यूज’ या पत्रांत क्लबाची जाहिरात आली. संघाचा मॅनेजर पाहिजे. तो अनुभवी, लायक आणि शीलवान असावा. मात्र भरमसाट किंमत देऊन खेळाडू विकत घेण्यापलीकडे ज्यांना संघ उभारतां येत नाहीं अशांनीं अर्ज करूं नये, असा तिचा आशय होता. ह्या जाहिरातींत काय होतें त्यापेक्षां काय नव्हतें तें पाहण्यासारखें आहे. संघ कोण निवडणार, याविषयीं तींत एक अक्षर नव्हतें. ‘मॅनेजर’ हा शब्द त्या काळीं आजच्याइतका भारदस्त झालेला नव्हता. पुष्कळ क्लबांत शनिवारच्या सामन्यांत कोणीं खेळावें हें व्यापारी, कारखानदार अशी संचालक मंडळी टेबलाभोंवतीं बसून ठरवीत. मॅनेजरनें पत्रव्यवहार पाहावा, आगगाडीचीं तिकिटें काढावीं, आणि हार झाली कीं दोष मात्र पुढें होऊन घ्यावा.

ह्या जागेवर हर्बर्ट चॅपमन आला. जन्म १८७८ चा, यॉर्कशायरमधील किव्हटन पार्क या कोळशाच्या खाणींच्या गांवचा, बाप खाणकामगार. खेळाडू म्हणून त्याचें नांव फारसें झालें नाहीं. मॅनेजर म्हणून लीड्स सिटी क्लबांत असतांना, युद्धकाळांत खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याच्या आरोपावरून १९१९ सालीं तो क्लबच लीगनें मोडून टाकला, आणि चॅपमनवरहि बंदी आली. कांहीं काळ त्यानें फुटबॉल सोडून कारखान्यांत नोकरी केली. अशा डागाळलेल्या माणसाला १९२१ सालीं हडर्सफील्ड टाउन या क्लबानें उचललें, त्याच्यावरील बंदी उठवून घेतली, आणि त्याचें फळ असें मिळालें कीं, १९२२ सालीं एफ. ए. कप आणि १९२४ व १९२५ सालीं लागोपाठ दोनदां लीगचें अजिंक्यपद त्या मध्यम गिरणगांवाला लाभलें. नॉरिस यांनीं त्याला वर्षाला २००० पौंड देऊं केले. खेळाडूंना तेव्हां हंगामांत आठवड्याला फार तर ८ पौंड घेण्याची नियमानें परवानगी होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या आंकड्याचें वजन कळेल.

पण पैशांपेक्षां किल्ल्या मोलाच्या. संघाची निवड आणि खेळाची रचना चॅपमननें स्वतःच्या हातीं घेतली, आणि जाहिरातीची शाई वाळते न वाळते तोंच खरेदीची किल्लीहि फिरली. संडरलंडचा चार्ल्स बकन हा तेहतिशीचा नामांकित खेळाडू त्याला हवा होता. व्यवहार मोठा मौजेचा ठरला: रोख २००० पौंड, शिवाय पहिल्या हंगामांत बकन करील त्या प्रत्येक गोलामागें १०० पौंड! त्यानें २१ गोल केले. म्हणजे एकंदर ४१०० पौंड पडले. काटकसरीची जाहिरात देणाऱ्या अध्यक्षांना प्रत्येक गोलाला टाळी वाजवितांना काय वाटलें असेल, याची कल्पना गृहस्थी चालविणाऱ्या श्रोत्यांना सहज येईल.

त्याच उन्हाळ्यांत खेळाचा एक नियम बदलला होता. चेंडू पुढें दिला जाईल त्या क्षणीं चढाई करणाऱ्या गड्याच्या आणि गोलरेषेच्या मध्यें प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावेत, नाहीं तर तो ‘ऑफसाइड’ ठरेल, असा पूर्वीचा दंडक होता. १९२५ सालीं तिनांचे दोन झाले. त्यांपैकीं एक बहुधा गोलकीपरच असतो. म्हणजे एकच रक्षक मागें राहिला तरी चालूं लागलें. बचावाच्या जुन्या युक्त्या एका रात्रींत निरुपयोगी झाल्या. पहिल्या वर्गांत आदल्या हंगामांत ११९२ गोल झाले होते, ते ह्या हंगामांत १७०३ झाले. ३ ऑक्टोबर रोजीं न्यूकॅसल येथें आर्सेनलवर सात गोल चढले, आणि आर्सेनलला एकहि करतां आला नाहीं.

नव्या मॅनेजरची परीक्षा अशा संध्याकाळीं होते. बकन संतापला होता. मध्यरक्षक, म्हणजे सेंटर हाफ, यानें पुढें भटकूं नये, दोन्ही पाठरक्षकांच्या मध्यें उभें राहून मागची फळी भरावी, हें मत तो पूर्वींपासून मांडीत होता. आतां त्यानें तें आग्रहानें मांडलें. चॅपमननें ऐकून घेतलें. एवढेंच नव्हे, तर सेंटर हाफ मागें गेल्यानें मैदानाच्या मध्यभागीं जी पोकळी पडते ती भरण्यासाठीं एक गडी पुढच्या फळींतून थोडा मागें ओढला पाहिजे, हेंहि त्यानें मान्य केलें. बकनला वाटलें, तें काम आपल्यालाच मिळेल. चॅपमन म्हणाला, तुम्ही गोल करण्यासाठीं पुढेंच हवे आहां. आणि त्यानें अँडी नील नांवाच्या, पहिल्या संघांत जागा नसलेल्या खेळाडूला बोलावलें. नील धांवण्यांत मंद होता, पण चेंडू कोठें द्यावा हें त्याला बरोबर कळे. दोनच दिवसांनीं वेस्ट हॅमशीं सामना होता. आर्सेनलनें तो ४-० असा जिंकला. खेळाडूचा विचार मॅनेजरनें उचलला, पण अंमलबजावणीचा अधिकार स्वतःकडे ठेवला. दोन दिवसांत असा पालट संचालकांच्या मंडळाला करतां आला असता काय? मला तरी वाटत नाहीं.

त्या हंगामांत आर्सेनल दुसरा आला. पहिला आला हडर्सफील्ड, म्हणजे चॅपमननें स्वतःच घडवून मागें ठेवलेला संघ! येथें गोष्ट संपती, तर बरें झालें असतें. परंतु पुढचीं चार वर्षें हा ह्या हकीकतीचा खरा कस आहे. आर्सेनलचे लीगमधील क्रमांक अनुक्रमें ११, १०, ९ आणि १४ असे लागले. १९२७ सालीं एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यांत गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला आणि कार्डिफ सिटीनें कप नेला. त्याच वर्षीं हिशेबांतील गैरव्यवहाराबद्दल फुटबॉल असोसिएशननें नॉरिस यांना दूर केलें. आज एखाद्या प्रशिक्षकाचे असे चार हंगाम गेले, तर त्याला पांचवा मिळणें कठीण. आपल्याला पांच वर्षें लागतील असें चॅपमननें आरंभींच बजावलें होतें असें सांगतात, आणि क्लबानें तीं त्याला दिलीं. मधल्या काळांत त्यानें बोल्टनच्या डेव्हिड जॅकसाठीं जवळजवळ ११,००० पौंड, आणि अलेक्स जेम्ससाठीं ८७५० पौंड मोजले. १९३० सालीं कप मिळाला, तोहि हडर्सफील्डलाच हरवून. चॅपमनच्या सन्मानार्थ त्या दिवशीं दोन्ही संघ जोडीनें मैदानावर आले. १९३१ व १९३३ सालीं लीगचें अजिंक्यपद आलें.

जातां जातां आपल्या घरची एक गोष्ट सांगतों. इंग्लंडांत लीगच्या सामन्याचें पहिलें प्रत्यक्ष वर्णन नभोवाणीवरून ऐकविलें गेलें, तें ह्याच हायबरीवरून, २२ जानेवारी १९२७ रोजीं. घरीं बसलेल्यांना चेंडू कोठें आहे तें समजावें म्हणून मैदानाचे चौकोन पाडून त्यांना क्रमांक दिलेला नकाशा अगोदर छापण्यांत आला होता.

आतां एक शंका. चॅपमनला यश आलें म्हणून प्रत्येक अपयशी क्लबानें प्रशिक्षक बदलावा काय? बास टेर वील या डच अर्थशास्त्रज्ञानें १९८६ ते २००४ पर्यंतच्या डच लीगचे निकाल तपासले. प्रशिक्षक काढून टाकल्यावर संघाचा खेळ सुधारलेला दिसला, हें खरें; पण तितक्याच वाईट अवस्थेंतून जाणाऱ्या आणि प्रशिक्षक न बदलणाऱ्या संघांचाहि खेळ जवळजवळ तितकाच सुधारला होता. ताप आपोआप उतरण्याच्या वेळीं वैद्य बदलला, तर श्रेय नव्या वैद्याला मिळतें, तसाच हा प्रकार. उलट लांबलचक करार म्हणजे सबुरी, असेंहि नाहीं. मँचेस्टर युनायटेडनें २०१३ सालीं डेव्हिड मॉइस यांच्याशीं सहा वर्षांचा करार केला. दहा महिन्यांत ते बाहेर पडले.

आपल्याकडील उदाहरण जवळचें आहे. सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकानें २०१७ पासून एफ. सी. गोवा संघाला देखणा, चढाईचा खेळ शिकविला. जानेवारी २०२० मध्यें संघ गुणतक्त्यांत अग्रभागीं असतांना, थोडेच सामने उरले असतांना, क्लबानें त्याला दूर केलें. गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाताखालीं संघानें लीगमधील पहिलें स्थान मिळविलें. म्हणजे निर्णय चुकला असें त्या वेळीं कोणाला म्हणतां येईना. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मुंबई सिटीनें लोबेराला नेमलें, आणि गोव्याकडून खेळलेले फाल, जाहू, बूमूस व मंदार राव देसाई हे चौघेहि मुंबईच्या संघांत आले. प्रशिक्षक एकटा येत नाहीं, तो घडी घेऊन येतो. महामारीमुळें त्या हंगामाचे सर्व सामने गोव्यांतच झाले. उपांत्य फेरींत मुंबईनें गोव्यालाच पेनल्टींवर हरविलें, आणि मार्च २०२१ मध्यें फातोर्ड्याच्या मैदानावर अजिंक्यपद जिंकलें. गोव्याच्या रसिकांनीं तो सामना कोणत्या मनानें पाहिला असेल!

पुन्हां हायबरीला जाऊं. १९३४ चा जानेवारी महिना उजाडला. चॅपमनला सर्दी झाली होती. तरीहि तो शेफील्डला गेला; शेफील्ड वेन्सडे हा संघ शनिवारीं आर्सेनलशीं खेळणार होता, त्याचा खेळ त्याला पाहावयाचा होता. तेथून परत आल्यावर, विश्रांति घेण्याचा सल्ला न मानतां, तो आपल्या तिसऱ्या संघाच्या पोरांचा सामना पाहावयास गिल्डफर्डला गेला. आजार फुप्फुसांत उतरला. शनिवार, ६ जानेवारी रोजीं पहांटे चॅपमन वारला. त्या दुपारीं हायबरीवर शेफील्ड वेन्सडेशीं ठरलेला सामना झाला. त्यांत १-१ अशी बरोबरी झाली.