शेजाऱ्यासाठी दिलेले मत

2025 साली, मंगळवारी 2 डिसेंबरला, पुणे जिल्ह्यातील जुन्नर नगरपरिषदेसाठी आणि आंबेगाव तालुक्यातील मंचरच्या नव्या नगरपंचायतीसाठी मतदान ठरले होते. आणि मतदानापूर्वीच्या रविवारी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत आगमनकाळास आरंभ झाला. प्रचाराचा गलबला शिगेला पोहोचलेला असताना न्यायाने राज्य करणाऱ्या राजाची वाट पाहण्याचा काळ सुरू व्हावा, हा पंचांगाचा योगायोग खरा. परंतु त्यामुळे एक जुना प्रश्न ऐन वेळी दाराशी येऊन उभा राहिला. प्रार्थनेला बसणारा माणूस आणि मतदानाच्या रांगेत उभा राहणारा माणूस एकच असेल, तर त्याच्या श्रद्धेने त्याच्या मतास कोणते वळण द्यावे? प्रभागांची रचना, आघाड्यांची जुळवाजुळव आणि नाराजांची बंडखोरी यांची चर्चा वर्तमानपत्रांतून पुरेशी झालेली आहे. तिची पुनरुक्ती न करता या एका प्रश्नाचाच विचार येथे करावयाचा आहे.

संख्येच्या हिशेबाने पाहिले तर हा प्रश्न लहान वाटेल. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील ख्रिस्ती जन सुमारे 10 लाख 80 हजार, म्हणजे एकंदर लोकसंख्येच्या शेकडा एकाहूनही किंचित कमी. आणि एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने जुन्नरला आपले ठाणे केले असले, तरी या तालुक्यांत ख्रिस्ती वस्ती नेहमी विरळच राहिली. परंतु 2024 च्या विधानसभा निवडणुकीत आंबेगावचा निकाल अवघ्या 1,523 मतांनी लागला, हे ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना थोड्या मतांचे मोल निराळे सांगावयास नको. जेथे मते थोडी आणि चुरस मोठी, तेथे त्या थोड्या मतांचा गठ्ठा बांधून घेण्यासाठी मध्यस्थ येतात, मंडळीच्या वडीलधाऱ्यांकडे शब्द टाकतात, प्रार्थनामंदिराच्या छपरासाठी किंवा कुंपणासाठी काही देऊ करतात, आणि समाजाने एकदिलाने आपल्यामागे उभे राहावे अशी अपेक्षा बोलून दाखवतात. ख्रिस्ती श्रद्धेने मताला वळण लावण्याचा हाच अर्थ असेल, तर तो अर्थ मुळातूनच नाकारला पाहिजे, असे माझे मत आहे. आणि त्याचा आधार ख्रिस्ती शास्त्रातच आहे.

श्रद्धा आणि सत्ता यांचा विषय निघाला की बहुतेक उपदेशक कैसराच्या नाण्याची कथा सांगतात, किंवा रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील अधिकाऱ्यांना मान देण्याविषयीचा भाग काढतात. हे दोन्ही उतारे प्रजेच्या कर्तव्यासंबंधी आहेत. ज्याला आपला कारभारी निवडण्याचा अधिकारच नव्हता अशा माणसाला ते सांगितलेले आहेत. ज्याच्या हाती निवड आहे त्याने प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय वाचावा. यरुशलेममधील आरंभीच्या मंडळीत रोज अन्नाचे वाटप होत असे, आणि त्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्या लोकांनी इब्री बोलणाऱ्यांविरुद्ध कुरकुर केली. बारा प्रेषितांनी ही कुरकुर दडपली नाही, फिर्याद करणाऱ्यांवर फुटीरपणाचा आरोप ठेवला नाही, आणि आपल्याच अधिकारात कोणाची नेमणूकही केली नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलाविले, ज्यांच्याविषयी लोकांत चांगली साक्ष आहे आणि जे आत्म्याने व शहाणपणाने पूर्ण आहेत असे सात जण तुम्हीच शोधून काढा, असे सांगितले, आणि लोकांनी निवडलेल्यांवर हात ठेवून प्रार्थना केली.

या निवडीचा विषय काय होता ते पाहण्यासारखे आहे. सिद्धान्ताचा वाद नव्हता, संप्रदायाच्या मानापमानाचाही नव्हता. कोणाच्या ताटात भाकर पडते आणि कोणाच्या पडत नाही, एवढाच प्रश्न होता, आणि नगरपरिषदेपासून पंचायत समितीपर्यंतच्या आपल्या सगळ्या कारभाराचा गाभाही नेमका हाच आहे. त्याहून अर्थपूर्ण गोष्ट निवडून आलेल्यांच्या नावांत आहे. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव ही सातही नावे ग्रीक वळणाची आहेत. म्हणजे ज्यांची दाद लागत नव्हती त्यांच्याकडेच वाटपाचा कारभार देण्यात आला, आणि यरुशलेममध्ये ज्यांचे पारडे जड होते त्या इब्री बोलणाऱ्यांनी ते मान्य केले, असा तर्क अनेक भाष्यकारांनी केला आहे व तो मला पूर्ण पटतो. आपल्या माणसाला निवडण्याची स्वाभाविक ओढ बाजूला ठेवून, ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा विश्वास ज्याला लाभेल त्याला निवडणे, हा ख्रिस्ती निवडीचा पहिला धडा आहे. आणि तो पुढच्या शतकांतील कोणत्याही राज्यशास्त्रापेक्षा मला अधिक मौलिक वाटतो.

हा धडा भारतातील ख्रिस्ती नेत्यांनी एकदा प्रत्यक्ष आचरून दाखविला आहे. 1930 साली लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेत के. टी. पॉल यांनी ख्रिस्ती समाजासाठी विभक्त मतदारसंघ मागण्यास विरोध केला, आणि पुढच्या वर्षी एस. के. दत्त यांनी अल्पसंख्यांच्या करारावर सही करण्याचे नाकारले. तरीही 1932 च्या जातीय निवाड्याने ते मतदारसंघ दिले, आणि मुंबई इलाख्याच्या 175 जागांच्या विधानसभेत तीन जागा हिंदी ख्रिस्ती जनांसाठी राखल्या गेल्या. स्वराज्य आल्यावर मात्र चित्र पालटले. घटना समितीचे उपाध्यक्ष आणि तिच्या अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते. मे 1949 मध्ये धार्मिक अल्पसंख्यांच्या राखीव जागा रद्द करण्याचा प्रस्ताव सरदार पटेलांनी मांडला, तेव्हा मुखर्जींनी आणि जेसुइट धर्मगुरू जेरोम डिसूझा यांनी त्यास पाठिंबा दिला. त्या निर्णयाचा मथितार्थ असा, की ख्रिस्ती मतदार यापुढे शेजाऱ्यांबरोबर एकाच यादीत, एकाच उमेदवारासाठी मत देईल, आणि त्याच्या संरक्षणाची हमी त्याच्या शेजाऱ्यांच्या विवेकावर सोपविली जाईल. ज्यांनी विश्वासाने एवढे मोठे पाऊल टाकले, त्यांच्या वारसांनी पुन्हा गठ्ठ्याच्या हिशेबात शिरणे म्हणजे तो विश्वास मागे घेणे होय.

स्वधर्मीय सत्ता आली म्हणजे न्याय आला, या समजुतीचे खंडन तर याच पुणे जिल्ह्यात एका ख्रिस्ती स्त्रीने फार पूर्वी केले आहे. 1897 साली पुण्यात प्लेगच्या नियमांची अंमलबजावणी करताना सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची जी विटंबना होत होती, तिच्याविरुद्ध पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात उघड लिहिले. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, आणि ज्या देणग्यांवर त्यांची संस्था चालत असे त्यांतील पुष्कळशा परदेशांतील ख्रिस्ती जनांकडून येत होत्या; असे असूनही लेखणी उचलताना त्यांनी हा संबंध आड येऊ दिला नाही. रमाबाईंच्या हाती मत नव्हते, परंतु मत देणाऱ्याजवळ जो विवेक असावा तो त्यांच्याजवळ पूर्णत्वाने होता. उमेदवार आपल्या उपासनेला येतो काय, नाताळला केक घेऊन येतो काय, यापेक्षा त्याच्या हातून दुर्बळाचे काय होते, हे त्यांनी आधी पाहिले असते.

धर्मगुरूंनी मताविषयी बोलावे की नाही, या वादात कायद्याची हद्द स्पष्ट आहे. लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुकांस लागू असलेल्या 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे 123 वे कलम धर्माच्या नावाने मत मागणे हा भ्रष्टाचार ठरविते, आणि अमक्याला मत दिले नाही तर देवाचा कोप होईल असे मतदाराच्या मनात भरविणे हा गैरवाजवी दबाव मानते. या कलमाचा सर्वांत महत्त्वाचा अर्थ मुंबईतील एका खटल्यातूनच लागला. सांताक्रूझ मतदारसंघातील 1990 च्या निवडणुकीवरून अभिराम सिंग आणि सी. डी. कोमाचेन यांच्यात जो वाद उद्भवला, त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी 2 जानेवारी 2017 रोजी चार विरुद्ध तीन मतांनी असा निर्णय दिला, की उमेदवाराच्याच काय, मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही. रोमन कॅथलिक धर्मसंहिता तर धर्मगुरूंना राज्यसत्तेची पदे स्वीकारण्यास सामान्यतः मनाई करते, आणि त्याच वेळी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली लोकहितासाठी मत देणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून नोंदविले. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे पाळकाची मर्यादा समजते: त्याने कसोटी शिकवावी, नाव सांगू नये.

कसोटी शिकविली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण वसईत आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक आणि पुढे मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष; परंतु वसईच्या भूमिपुत्रांना ते आठवतात ते हरित वसईच्या लढ्यातील बिनीचे शिलेदार म्हणून. विहिरी, वाड्या आणि शेते गिळणाऱ्या बांधकामाविरुद्ध त्यांनी लोकांना उभे केले, त्यासाठी धमक्या सोसल्या, आणि सगळ्या धर्मांच्या गावकऱ्यांना एका मंचावर आणले. पुढे महानगरपालिकेत गावे ओढण्याविरुद्ध 2009 साली जे जनआंदोलन पेटले, त्यातून विवेक पंडित हे अपक्ष म्हणून विधानसभेवर गेले. पंडित ख्रिस्ती नव्हते. तरी वसईच्या ख्रिस्ती गावांनी त्यांना आपले मानले, कारण मुद्दा जमिनीचा, पाण्याचा आणि गावाने स्वतःविषयी निर्णय घेण्याच्या हक्काचा होता. श्रद्धेने मताला दिलेले वळण असे असते: त्यावर धर्माची मोहोर दिसत नाही, पण त्याच्या मुळाशी धर्मच असतो.

येथे एक आक्षेप गंभीरपणे ऐकला पाहिजे. धर्मांतरविरोधी कायदा आणण्याचे राज्य सरकारने 2025 साली जाहीर केले, प्रार्थनेसाठी जमलेल्यांकडे संशयाने पाहण्याचे प्रकार वाढत आहेत, आणि अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्या माणसाला 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे आजही त्या जातीसाठी राखीव असलेल्या प्रभागातून उभे राहता येत नाही. मग या समाजाने स्वतःच्या रक्षणासाठी मत दिले तर त्यात अधर्म कोणता? अधर्म काहीच नाही. उपासनेचे आणि धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य घटनेच्या 25 व्या कलमात आहे, आणि त्यासाठी मत देणे रास्तच आहे. अट एवढीच, की जे स्वातंत्र्य मी मागतो तेच मशिदीतल्या, विहारातल्या आणि देवळातल्या माणसासाठीही मी मागत असलो पाहिजे. स्वतःपुरते मागितलेले स्वातंत्र्य ही सवलत ठरते आणि सवलतीचा सौदा होऊ शकतो. सर्वांसाठी मागितले, तरच तो न्याय.

आणि मग जुन्नर-आंबेगावात या कसोटीचा अर्थ काय होतो? येथेही वाटपाचाच प्रश्न आहे. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज, येडगाव आणि डिंभे ही पाच धरणे या दोन तालुक्यांच्या कुशीत आहेत. त्यांचे पाणी पूर्वेकडील उसाला आणि दूरच्या तालुक्यांना जाते, आणि सह्याद्रीच्या कडेला राहणाऱ्या महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वाड्यांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. यरुशलेमच्या विधवांची कुरकुर आज ऐकू यायची असेल तर ती या वाड्यांवरून येईल. उसाच्या फडाशेजारी, बिबट्याच्या वाटेवर, उघड्यावर झोपणारे ऊसतोड मजुराचे मूल, शहराच्या गटारात उतरणारा सफाई कामगार, आणि यादीत नाव असूनही ज्याच्या दारी कोणी येत नाही तो म्हातारा, हे सारे त्या कुरकुरीत सामील आहेत. ख्रिस्ती मतदाराने उमेदवाराला आधी यांच्याविषयी विचारावे, आणि आपल्या मंडळीच्या गरजांविषयी नंतर.

परक्या नावाच्या माणसांनी लोकांच्या पाण्याची आणि अन्नाची चिंता वाहावी, ही जुन्नरच्या मातीत नवी गोष्ट नाही. येथल्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिल्याचा आणि चित नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिल्याचा लेख सुमारे दोन हजार वर्षांपासून दगडात कोरलेला आहे. धर्मादायाची ही रीत या मुलुखाला परिचित आहे. मतदानात ती उतरावी एवढीच अपेक्षा आहे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि त्यात संदिग्धतेला जागा नाही. मोशेच्या नियमशास्त्राने लाच ही डोळस माणसालाही आंधळे करते असे बजावले आहे, आणि मोशेचा सासरा इथ्रो याने त्याला कारभारी नेमण्याचा सल्ला देताना लाचेचा तिटकारा ही पात्रतेची अट घातली आहे. आदल्या रात्री घरी आलेले पाकीट घेऊन सकाळी स्वतःच्या पसंतीने मत देणे हा चतुरपणा समजला जातो. परंतु ज्याने पाकीट घेतले त्याने पुढील पाच वर्षे जाब विचारण्याचा अधिकार विकला, आणि तो अधिकार त्याच्या एकट्याचा नव्हता, ज्या दुर्बळाच्या वतीने तो विचारावयाचा त्याचा होता. हीच गोष्ट प्रार्थनामंदिराच्या छपरासाठी घेतलेल्या देणगीलाही लागू आहे. पाळकांनी उपासनेत ती निःसंकोचपणे सांगावी.

ख्रिस्ती मताची ओळख उमेदवाराच्या नावावरून, पक्षाच्या निशाणीवरून किंवा समाजाच्या बैठकीतील ठरावावरून होऊ नये. ज्याला मत दिले तो निवडून येवो वा न येवो, नव्या सभागृहाची पहिली बैठक भरेल तेव्हा वाटपात मागे राहिलेल्यांचा अर्ज घेऊन जो मतदार तेथे हजर असेल, आणि तो अर्ज दफ्तरी दाखल होईपर्यंत उठणार नाही, त्याच्या श्रद्धेने त्याच्या मताला योग्य वळण दिले असे म्हणावे.