पगार कोणाच्या खात्यात?

महालातल्या साडीच्या दुकानात काम करणारी बाई कमावते, म्हणजे घरात तिचं चालत असेल, असं आपण धरून चालतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मात्र पुढचं विचारतं: तिची कमाई कुठे खर्चायची, ती माहेरी कधी जाईल, हे कोण ठरवतं?

शेजारच्या मध्य प्रदेशात संशोधकांनी एक प्रयोग केला (निष्कर्ष 2021 साली छापून आले). रोजगार हमीची मजुरी घरातल्या पुरुषाच्या खात्याऐवजी थेट बाईच्या खात्यात टाकली, खातं वापरायलाही शिकवलं. नुसतं खातं मिळालेल्यांपेक्षा या बायका जास्त काम करू लागल्या. सरकारी कामावर आणि बाहेरही. सर्वात जास्त फरक कुणात? आधी या कामावर कधी न गेलेल्यांत! मजुरीचा दर तोच होता बरं का, फक्त खातं बदललं.