लघवीची अडलेली धार आणि श्रीवर्धनचा लांबचा रस्ता

श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या किनाऱ्यावरील गावांतून कामधंद्यासाठी मुंबईला जाण्याची रीत जुनी असल्यामुळे अनेक घरांत वर्षाचा बराच काळ केवळ वडीलधारी माणसेच राहतात, आणि त्यांच्या ज्या तक्रारी वर्षानुवर्षे कोणाच्या कानावर जात नाहीत त्यांपैकी लघवीचा त्रास ही एक आहे. धार बारीक होणे, लघवी सुरू होण्यासाठी ताटकळावे लागणे, रात्री तीन-चार वेळा उठावे लागणे, जाऊन आल्यावरही मोकळे न वाटणे ही सारी लक्षणे वयाच्या खात्यावर मांडली जातात. वयाशी त्यांचा संबंध आहे हे खरे; परंतु वयाबरोबर येणारा विकार ओळखून त्याची वेळीच व्यवस्था लावता येते, आणि जेथून मूत्ररोगतज्ज्ञ काही तासांच्या प्रवासावर आहे तेथे ती लावणे अधिकच निकडीचे ठरते.

मूत्रपिंडांत तयार होणारी लघवी मूत्राशयात, म्हणजे बोलीभाषेतील लघवीच्या पिशवीत, साठते. प्रौढ व्यक्तीच्या मूत्राशयात साधारणतः ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. लघवी करताना मूत्राशयाच्या भिंतीतील स्नायू आवळला जावा लागतो आणि त्याच वेळी मूत्रमार्ग बंद ठेवणारा स्नायू सैल पडावा लागतो. या दोन क्रियांचा मेळ मेंदू आणि मज्जारज्जू घालतात. त्यामुळे बाहेरची वाट अरुंद झाली तरी लघवी अडते आणि मूत्राशयाचा जोर किंवा मज्जातंतूंचा ताबा कमी झाला तरीही अडते.

पुरुषांमध्ये मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून पौरुषग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, असते. तरुणपणी तिचे वजन सुमारे २० ग्रॅम आणि आकार सोललेल्या रोठा सुपारीहून थोडा मोठा असतो. चाळिशीनंतर ती वाढू लागते. पन्नाशीतल्या सुमारे निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढे बहुतेकांत ही वाढ आढळते, जरी तिचा त्रास सर्वांनाच होत नसला तरी. ही वाढ कर्करोग नव्हे आणि तिचे कर्करोगात रूपांतरही होत नाही. मात्र दोन्ही विकार एकाच ग्रंथीत एकत्र असू शकतात, म्हणून गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी आणि गरजेनुसार पीएसए ही रक्ततपासणी डॉक्टर सुचवतात. संकोचापोटी या तपासणीला नकार देणारे पुरुष पुष्कळ असतात आणि त्यात त्यांचेच नुकसान होते.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, १२ प्रकार सांगितले असून, त्यांतील वाताष्ठीला या प्रकारात मूत्राशय आणि मलमार्ग यांच्यामध्ये येणाऱ्या कठीण गाठीचे वर्णन आहे. ते वाचताना आजच्या वैद्याला वाढलेल्या प्रोस्टेटची आठवण होते.

वाट अरुंद झाली की मूत्राशय सुरुवातीला अधिक जोर लावतो, त्याची भिंत जाड होते आणि काही काळ सारे निभावून जाते. पुढे तो थकतो. प्रत्येक वेळी थोडी लघवी आत शिल्लक राहू लागते, तिच्यात जंतुसंसर्ग होतो, कधी खडे बनतात, आणि मागे साचत गेलेल्या दाबामुळे मूत्रपिंडे सुजून निकामी होण्याचीही शक्यता असते. हे सारे इतक्या हळू आणि बहुतांशी वेदनेशिवाय घडते की रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. अखेरीस काठोकाठ भरलेल्या मूत्राशयातून लघवी थेंबथेंब गळू लागते, आणि येथेच घरच्यांची सर्वांत मोठी फसगत होते: कपडे ओले होतात म्हणजे लघवी भरपूर होते, फक्त ताबा गेला आहे, असे समजून पाणी कमी केले जाते; प्रत्यक्षात मात्र लघवी तुंबलेली असते. ओटीपोटाची सोनोग्राफी लघवीनंतर पुन्हा केली, तर आत किती शिल्लक राहते हे काही मिनिटांत कळते.

कधी हाच विकार एका रात्रीत उग्र होतो. सर्दीच्या काही गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन, फिनाइलेफ्रिन यांसारखी द्रव्ये, काही मानसिक आजारांवरील आणि तीव्र वेदनांवरील औषधे, बद्धकोष्ठता किंवा लघवी फार वेळ दाबून ठेवणे यांमुळे आधीच अरुंद असलेली वाट पूर्ण बंद होते, ओटीपोट टणक फुगते आणि असह्य कळा येतात. अशा वेळी भरपूर पाणी किंवा धन्या-जिऱ्याचे पाणी पाजल्याने त्रास वाढतो. रुग्णाला थेट मुंबईला नेण्याची धडपडही चुकीची आहे, कारण मूत्रमार्गातून नळी घालून लघवी काढणे हा प्राथमिक उपचार असल्याने आधी श्रीवर्धनचे उपजिल्हा रुग्णालय गाठणे हिताचे असते. मुंबईच्या वाटेवरील माणगावच तेथून सुमारे ५० किलोमीटर आहे आणि पावसाळ्यात घाटरस्त्याचा भरवसा नसतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने याच किनाऱ्यावर धडक दिली तेव्हा झाडे कोसळून रस्ते अडले आणि वीज-दूरध्वनी अनेक दिवस बंद राहिले. लघवी अडण्याबरोबरच पाय लुळे पडणे, जांघेत बधिरता येणे किंवा थंडी वाजून ताप येणे ही लक्षणे असतील, तर मात्र नळीनंतर पुढे मोठ्या रुग्णालयात तातडीने जावेच लागते.

स्त्रियांमध्ये कारणे वेगळी असतात: गर्भाशय खाली सरकणे, प्रसूती किंवा शस्त्रक्रियेनंतरचा तात्पुरता अडथळा, आणि सर्वांत अधिक वेळा जंतुसंसर्ग. बाजारात दिवसभर मासळी विकणाऱ्या बाईला जवळ स्वच्छ शौचालय नसेल, तर ती पाणी कमी पिते आणि लघवी दाबते. मग होणाऱ्या जळजळीला उन्हाळी म्हणून सोडून देते. हा प्रश्न वैद्यकाइतकाच नगरव्यवस्थेचाही आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात, स्त्री असो वा पुरुष, मूत्राशयाच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते आणि भरल्याची जाणीवच होत नाही. अशांनी ठरावीक वेळेने लघवीला जाणे श्रेयस्कर असते.

प्रोस्टेटच्या त्रासात टॅमसुलोसिनसारखी औषधे स्नायू सैल करून काही दिवसांत आराम देतात. फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड ग्रंथी लहान करतात, परंतु त्यांचा पूर्ण गुण येण्यास सुमारे सहा महिने लागतात. पहिल्या प्रकारच्या गोळ्यांनी एकदम उठताना चक्कर येऊ शकते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत त्यांच्यामुळे बाहुली नीट विस्फारत नाही, म्हणून पूर्वी घेतल्या असल्या तरी नेत्रतज्ज्ञाला आधी सांगणे अत्यावश्यक असते. औषधे पुरेशी ठरली नाहीत, तर मूत्रमार्गातून दुर्बीण घालून अडथळा आणणारा भाग काढला जातो. सायंकाळनंतर पाणी व चहा बेताने घेणे आणि लघवी झाल्यावर क्षणभर थांबून पुन्हा प्रयत्न करणे यांनी सौम्य त्रास आटोक्यात राहतो.

नळी घालून घरी आलेल्या रुग्णाची नळीला जोडलेली पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता ठेवावी लागते, आणि नळी ओढून काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये, कारण आत फुगवलेला फुगा मूत्रमार्ग फाडू शकतो. बहुधा औषध सुरू करून काही दिवसांनी डॉक्टर नळी काढून लघवी आपोआप होते का ते पाहतात. चाकरमानी मुले गणपतीला किंवा शिमग्याला घरी येतात, तेव्हा सोनोग्राफी, लघवी-रक्ताची तपासणी आणि तज्ज्ञाची भेट उरकून, वडील घेत असलेल्या सर्व गोळ्यांची नावे एका कागदावर लिहून ठेवणे त्यांना सहज जमण्यासारखे आहे.