समोच्चरेषांतून भूरूप : सातारा व सांगली येथील दोन भिन्न प्रश्न

कागदावरील मोजणीचा नकाशा सपाट असतो. जमीन सपाट नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी भूमापकाने समोच्चरेषेची योजना केली. समुद्रसपाटीपासून समान उंचीवर असलेली स्थळे जोडणारी ही रेषा वाचण्याची सवय ज्याच्या डोळ्यांस आहे, त्याला नकाशात टेकडी दिसते, इतरांस नुसत्या वेटोळ्या दिसतात. अलीकडे इमारतींच्या आराखड्यांसाठी वापरली जाणारी रेव्हिट, स्केचअप, सिव्हिल थ्रीडी यांसारखी संगणक-साधने या वेटोळ्यांपासून त्रिमितीय भूरूप तयार करून देतात. ते भूरूप डोळ्यांस इतके पटते की, ते कोणत्या सामग्रीवर उभे आहे हा प्रश्नच सहसा विचारला जात नाही. सातारा आणि सांगली या शेजारच्या दोन जिल्ह्यांत तो विचारणे विशेष अगत्याचे आहे. कारण एकच रीत या दोन ठिकाणी अगदी निरनिराळ्या प्रकारे फसते.

प्रथम रीत कोणती ते पाहू. ऑटोकॅडमध्ये काढलेल्या नकाशात समोच्चरेषा पुष्कळदा शून्य उंचीवरच पडलेल्या असतात; उंची असते ती केवळ शेजारी लिहिलेल्या आकड्यात. माणूस आकडा वाचतो, यंत्र रेषेची प्रत्यक्ष स्थिती पाहते. म्हणून प्रत्येक रेषा तिच्या आकड्याइतकी वर उचलणे हे पहिले काम. आकडा लिहिण्यासाठी रेषा मध्येच तोडलेली असल्यास तिचे तुकडे जोडून घ्यावे लागतात, नाहीतर एक तुकडा वर जातो आणि दुसरा तळाशी राहून भूरूपात खोल विहीर पडते. त्यानंतर यंत्र रेषांवरील बिंदू घेऊन त्यांचे त्रिकोण पाडते. हे त्रिकोण बहुधा बोरिस डेलोने या रशियन गणितज्ञाने १९३४ साली मांडलेल्या नियमानुसार पाडले जातात : कोणत्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळात दुसरा बिंदू येता कामा नये. या नियमाने त्रिकोण शक्य तितके भरदार होतात, निमुळत्या चिंध्या टळतात. प्रत्येक त्रिकोण म्हणजे एक सपाट पत्रा. अशा हजारो पत्र्यांची जोड म्हणजे भूरूप. २०२३ साली आलेल्या रेव्हिटच्या आवृत्तीपासून या पृष्ठभागाला जाडीही देता येऊ लागली, त्यामुळे जोत्यासाठी किती माती काढावी लागेल व किती भरावी लागेल याचा हिशेब अधिक सुलभ झाला.

नियम निर्दोष आहे; परंतु त्याला डोंगर ठाऊक नाही. तीनही शिरोबिंदू एकाच समोच्चरेषेवर आले की तो त्रिकोण पूर्ण आडवा होतो. डोंगराच्या सोंडेवर आणि घळीत, जेथे रेषा तीव्र वळण घेते, तेथे हे हमखास घडते. सोंडेचा कणा कापला जाऊन तेथे पायऱ्या उमटतात आणि घळीतील उताराचे पाणी मध्येच अडून राहते. शिखराचेही तसेच. शेवटच्या रेषेच्या वर काय आहे हे यंत्रास कळत नाही, म्हणून ते शिखर तेथेच छाटते.

साताऱ्यात या शेवटच्या दोषाची गंमत अशी की, तो पुष्कळदा खऱ्यासारखा दिसतो. दख्खनच्या बेसाल्टी थरांतून घडलेले येथील डोंगर माथ्यावर मुळातच सपाट आहेत. अजिंक्यताऱ्याचा माथा छाटलेला दिसला तर कोणास शंका येत नाही. परंतु माथ्याखालचा कातळकडा मात्र नाहीसा होतो. शहर सुमारे ७०० मीटरांवर आणि किल्ला सुमारे १,००० मीटरांवर. १:५०,००० प्रमाणाच्या भारतीय सर्वेक्षणाच्या नकाशात समोच्चरेषांचे अंतर सामान्यतः २० मीटर असते. म्हणजे या चढावर पंधराएक रेषा येतात आणि साधारण किलोमीटरभराचा हा उतार कागदावर दोन सेंटिमीटरांत मावतो. दोन रेषांच्या मधला दहा-पंधरा मीटरांचा उभा कडा अशा नकाशास दिसतच नाही. त्रिकोण त्याला सौम्य उतार करून टाकतो. त्या भूरूपावर कोणी रस्ता आखला तर तो कागदावर सहज चढेल. उपाय एकच : कड्याची वरची आणि खालची धार प्रत्यक्ष मोजून, त्रिकोणाने ओलांडू नये अशी भंगरेषा म्हणून ती यंत्रास देणे. हीच गोष्ट कासच्या पठाराची. सुमारे १,२०० मीटर उंचीच्या त्या जांभ्या दगडाच्या सड्यावर पावसाळ्यात ज्या उथळ खळग्यांत पाणी साठते व फुले येतात, ते खळगे २० मीटरांच्या रेषांच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात.

साताऱ्याची आणखी एक अडचण म्हणजे शहर ७४ अंश रेखांशाच्या अगदी लगत वसले आहे. त्यामुळे परिसराचा नकाशा ४७ जी आणि ४७ के या दोन पत्रकांत विभागला जातो आणि रेषा शिवणीवर जुळवून घ्याव्या लागतात. जुन्या इंची नकाशांत उंची फुटांत आहे व ते एव्हरेस्ट विवृत्तजावर आधारलेले आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरचे खुले नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत. दोन्ही एकत्र वापरताना रूपांतर केले नाही, तर एकच ओढा दोनदा वाहतो.

सांगलीत प्रश्न उलटा आहे. येथे रेषा दाट नाहीत, जवळजवळ नाहीतच. शहराची उंची सुमारे ५५० मीटर सांगितली जाते, म्हणजे ५४० व ५६० या दोन रेषांच्या मधोमध. समोच्चनकाशाविषयीचा परिचित दंडक असा की, तपासलेल्या बहुसंख्य बिंदूंची चूक रेषांतराच्या निम्म्याहून अधिक नसावी. येथे ते निम्मे १० मीटर होतात. आता कृष्णेकडे पाहावे. आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोका आणि सर्वनाश यांतील हे अंतर १२ फूट, म्हणजे पावणेचार मीटरांच्या आत. कोणत्या गल्लीत पाणी शिरेल आणि कोणते घर कोरडे राहील हा सगळा निर्णय ज्या पावणेचार मीटरांत होतो, तो नकाशाच्या क्षम्य चुकीत दोनदा मावतो. तरीही यंत्र भूरूप देतेच, निळे पाणीही भरून दाखवते, आणि ते चित्र साताऱ्याच्या चित्राइतकेच रेखीव असते.

सबब सांगलीसाठी प्रत्यक्ष तलमापनाचे बिंदू, अथवा विमानातून लेझर किरणांनी केलेली दाट मोजणी, यांवाचून गत्यंतर नाही. रस्त्यांचे भराव, नाल्यांचे काठ, बांध या सर्वांस भंगरेषा म्हणून स्थान द्यावे लागते. कारण सपाट मुलखात मीटरभर उंचीचा भरावही पुराची वाट बदलतो. येथे उंचीच्या आधारतलाविषयी विशेष दक्षता हवी. उपग्रहीय यंत्र जी उंची देते ती विवृत्तजापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. पश्चिम महाराष्ट्रात या दोहोंत साठ मीटरांहून अधिक फरक पडतो. साताऱ्याच्या डोंगरातसुद्धा हा घोटाळा लक्षात येतो; सांगलीत मात्र सर्वच बिंदू सारखे खाली गेल्यामुळे जमीन पूर्वीसारखीच सपाट दिसते आणि चूक लपून राहते.

इमारतीसाठी रचलेल्या साधनांचा स्वतःचाही एक स्वभाव आहे. त्यांना इमारत ठाऊक आहे, जिल्हा नव्हे. सर्वेक्षणातील सहनिर्देशक विषुववृत्तापासून मोजलेले असल्याने या भागात उत्तरेचा आकडा अठरा-एकोणीस लाख मीटरांच्या घरात जातो. आणि रेव्हिटसारख्या साधनात मूळबिंदूपासून काही मैलांपलीकडची आकृती थरथरू लागते, भिंती जुळेनाशा होतात. म्हणून जागेजवळचा एखादा मोजलेला बिंदू स्थानिक मूळ मानून सर्व नकाशा तेथे आणतात, व मूळ सहनिर्देशक वेगळे नोंदवून ठेवतात. ही नोंद हरवली की भूरूप सुंदर राहते, पण ते पृथ्वीवर कोठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

पुलावरील पट्टी फुटांत वाचली जाते, भूरूप मीटरांत असते. पट्टीचे शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे हे तलमापनाने बांधून घेतल्याशिवाय ५७ फूट हा आकडा भूरूपात ठेवता येत नाही. शिवाय जमिनीची मोजणी पाण्याच्या काठाशी थांबते. हरिपूरजवळ वारणा जेथे कृष्णेला मिळते, तेथील पात्राचा तळ होडीतून घेतलेल्या छेदांनीच कळतो. असे छेद ठराविक अंतरावर घेऊन काठावरील बिंदूंशी जोडले म्हणजे नदीचे पात्र आणि शहराची जमीन प्रथमच एका पृष्ठभागात येतात.