उसाच्या राखेचं काँक्रीट

शिरूर-दौंड पट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्यालगतच्या वस्त्यांमध्ये वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख बसते. पाटस असो, आलेगाव असो की न्हावरे, साखर कारखाना म्हटला की बगॅस, म्हणजे पिळलेल्या उसाचा चोथा, जाळणारा बॉयलर आला आणि राखही आली. टन उसामागे साधारण सहा किलो राख धरली, तर रोज 5,000 टन गाळणाऱ्या कारखान्यातून 30 टन राख निघते. वीटभट्टी आणि खड्डे भरणं यापलीकडे तिचा फारसा विचार होत नाही, आणि हे मोठं नुकसान आहे.

कारण या राखेत सिलिका भरपूर असते. ऊस ती जमिनीतून घेतो आणि जळल्यावर ती मागे उरते. सिमेंटमध्ये पाणी पडलं की ते घट्ट होताना चुना सुटतो. हा चुना काँक्रीटला ताकद देत नाही. बारीक दळलेल्या राखेतली सिलिका मात्र त्याच्याशी संयोग पावते आणि खडी-वाळूला धरून ठेवणारा नवा बंध तयार होतो. चुना-सुरखीच्या जुन्या बांधकामांनाही याच क्रियेने बळकटी दिली. शिवाय सिमेंटसाठी चुनखडी सुमारे 1,450 अंशांवर भाजावी लागते; जितकं सिमेंट वाचेल तितका कार्बन डायऑक्साइडही कमी.

राख सिमेंटची जागा घेऊ शकते, हे दगडी कोळशाच्या राखेने केव्हाच सिद्ध केलंय. अकोले तालुक्यातलं घाटघर हे रोलरने दाबलेल्या काँक्रीटचं देशातलं पहिलं धरण. त्यात सिमेंटपेक्षा राख जास्त आहे. दुकानातल्या 'पीपीसी' (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) गोणीतही 15 ते 35 टक्के राखच असते.

बगॅसची राख मात्र थेट मिक्सरमध्ये टाकून चालत नाही. तिच्यात अर्धवट जळलेले काळे तंतू असतात. ते पाणी पितात आणि माल कोरडा पडतो. राख वाळवून, चाळून, दळूनच वापरायला हवी. तरीही सुरुवातीची ताकद सावकाश येते, म्हणून पाणी जास्त दिवस मारावं लागतं. सिमेंट पूर्ण वगळणारं जिओपॉलिमर काँक्रीटही आहे, पण त्याला कॉस्टिक सोडा लागतो, जो हात भाजतो. शिवाय बगॅसच्या राखेत अ‍ॅल्युमिना कमी, त्यामुळे कोळशाच्या राखेची जोड लागते. गावातल्या गवंड्याच्या हाती ते आज देऊ नये.

घराच्या स्लॅबचीही घाई नको. पेव्हर ब्लॉक, गटारं, पाणंद रस्त्यांवर सिमेंटच्या जागी दहा-पंधरा टक्के राखेपासून सुरुवात करावी आणि 28 व 90 दिवसांच्या ठोकळ्यांची ताकद तपासावी. ऊस घालणाऱ्या सभासदांनी येत्या वार्षिक सभेत साखर उताऱ्याबरोबर राखेचाही हिशेब मागावा.